साखर कारखान्यांपुढील जोखीम : नियम, पाणी आणि नवी आव्हाने

बारामती व इंदापूर तालुक्यांत जून ते ऑगस्टदरम्यान लावलेला आडसाली ऊस तोडणीला येण्यास साधारण सोळा ते अठरा महिने लागतात. एवढ्या अवधीत ऊसदर, साखर निर्यात आणि इथेनॉल यांविषयीची सरकारी धोरणे बदलू शकतात, पाऊस दगा देऊ शकतो आणि कालव्याचे आवर्तन लांबू शकते. बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर, तसेच इंदापूर तालुक्यातील छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा या सहकारी कारखान्यांना ही अनिश्चितता गृहीत धरूनच हंगामाचे नियोजन करावे लागते. सहकारी कारखान्यात सभासद हाच मालक आणि ऊसपुरवठादारही असतो. त्यामुळे नियोजन चुकल्यास त्याचा भार अखेर त्याच्याच ऊसबिलावर पडतो.

नियमांची जोखीम

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ हा या व्यवसायाचा कायदेशीर पाया आहे. २००९-१० च्या हंगामापासून किमान वैधानिक किमतीऐवजी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे ‘एफआरपी’ लागू झाला. ऊस पुरविल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक असून विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. थकबाकीदार कारखान्यांवर साखर आयुक्त महसुली वसुलीची कारवाई करू शकतात.

खर्चाची बाजू अशी बांधलेली असताना उत्पन्नाची बाजूही मोकळी नाही. २०१८-१९ मध्ये १० टक्के उताऱ्यास क्विंटलमागे २७५ रुपये असलेली एफआरपी २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्यास ३५५ रुपये झाली. मात्र साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला, तो हा नवा ऊसदर जाहीर होईपर्यंत तसाच होता. जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल निर्मितीस केंद्राने मनाई केली. आठवडाभरातच १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ती शिथिल झाली, तर ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी बंदी उठविण्यात आली. दरम्यान कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांचे हप्ते थांबले नव्हते.

एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णयही मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. शासन निर्णयावर आधारलेले आर्थिक नियोजनही न्यायालयात टिकेलच असे नाही, हे त्यातून दिसून आले.

पाण्याची जोखीम

हा भाग पर्जन्यछायेचा. ब्रिटिश राजवटीत, १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, उभारलेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे येथे बागायत आली. इंदापूरच्या भीमाकाठाला उजनीच्या फुगवट्याचा आधार मिळाला. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत बारामती आणि इंदापूर होते. त्यानंतर मे २०२५ मध्ये याच भागात अतिवृष्टी होऊन बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकनजीक नीरा डावा कालवा फुटला.

दुष्काळाचा फटका एका हंगामात संपत नाही. उभ्या उसाचे वजन घटते आणि नवी लागवडही कमी होते. राज्याचे साखर उत्पादन २०२३-२४ मधील सुमारे ११० लाख टनांवरून २०२४-२५ मध्ये सुमारे ८१ लाख टनांवर आले. पावसाची ओढ हे त्याचे एक प्रमुख कारण होते. ऊस कमी झाला तरी पगार, देखभाल व कर्जाचे हप्ते कमी होत नाहीत. अशा वेळी कारखान्यांत उसाची पळवापळवी सुरू होते.

नवी आव्हाने

पूर्वी स्थानिक समजल्या जाणाऱ्या प्रश्नांकडे आता जगाचे लक्ष आहे. महाराष्ट्रातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वृत्त दिले, तेव्हा प्रश्न थेट शीतपेय कंपन्यांना विचारले गेले. तोडणी मजुरांचे हक्क हा यापुढे साखरेच्या बाजारपेठेशीही निगडित विषय राहणार आहे.

तंत्रज्ञानाचे आश्वासनही असेच दुहेरी आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र व उपग्रह छायाचित्रे यांच्या आधारे पाणी आणि खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो. त्यातून पाण्याची बचत साधता येते. पण शेताच्या माहितीवर हक्क कोणाचा आणि सल्ला चुकल्यास जबाबदार कोण, हे आधीच ठरवून घ्यावे लागेल.

उपाय काय?

साखर, इथेनॉल व बगॅसवरील सहवीजनिर्मिती यांपैकी एकाच उत्पन्नावर विसंबून न राहणे, ठिबक सिंचनाखालील क्षेत्र वाढविणे आणि चांगल्या वर्षी राखीव निधी बाजूला काढणे, हे मार्ग कारखान्यांच्या हाती आहेत. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत दुष्काळ, क्षारता व उष्णता यांवर संशोधन चालते. तिचा लाभ दाराशीच आहे. मात्र राखीव निधी म्हणजे त्या वर्षी हाती येणारा दर थोडा कमी. निवडणुकीच्या तोंडावर चढा दर जाहीर करण्याची स्पर्धा लागते, तेव्हा हाच निधी पहिल्यांदा मागे पडतो. वार्षिक सभेत दराबरोबरच कर्ज, निधी व पाण्याचा हिशेब मागणारा सभासद ही या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची कडी आहे.