जुन्या पिनबॉल यंत्राची पारख

जुने पिनबॉल यंत्र प्रथमच विकत घेऊ इच्छिणारा मनुष्य बहुधा त्यावरील चित्रे आणि किंमत पाहून भुलतो किंवा बिचकतो. वस्तुतः त्याने आधी विचारावयास हवे ते यंत्राचे जन्मवर्ष. यंत्राचा काळ कळला, म्हणजे त्याचे दुखणे कोठे असेल हेही निम्मे कळते.

बागातेल या जुन्या फ्रेंच मेजखेळाचा हा वंशज. गोळी उडविणाऱ्या स्प्रिंगच्या दट्ट्याचे पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली अमेरिकेत घेतले. १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांचे ‘बॅफल बॉल’ निघाले आणि मंदीने गांजलेल्या लोकांना अल्प पैशांत विरंगुळा मिळाला. परंतु एकदा सुटलेली गोळी खिळ्यांवर आपटत कोठे जाईल, ते खेळणाराच्या हाती फारसे नव्हते. म्हणून हा जुगार ठरला. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी त्यावर बंदी घातली आणि जप्त यंत्रांवर घण पडले.

१९४७ साली गॉटलीब यांच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात सहा फ्लिपर आले. बटण दाबताच हे लहान दांडे गोळीला परत वर टोलवू लागले. दैवाच्या खेळात कौशल्य शिरले ते असे. तरीही कायद्याची समजूत पटावयास १९७६ साल उजाडले. रॉजर शार्प यांनी न्यूयॉर्कच्या नगरसभेपुढे खेळून, गोळी कोठे जाईल हे आधी सांगून दाखविले. त्यानंतर बंदी उठली.

ग्राहकाने पहिली परीक्षा घ्यावयाची ती याच फ्लिपरांची. त्यांच्या टोल्याने गोळी पटाच्या माथ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर खेळाचा प्राणच क्षीण झाला असे समजावे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंतची बहुतेक यंत्रे रिले आणि स्पर्शबिंदूंवर चालत. ती पडून राहिली की हे बिंदू मळतात. पण धीराने साफ केल्यास पुन्हा चालतात. पुढील इलेक्ट्रॉनिक यंत्रांत मात्र मागची पेटी उघडून बॅटऱ्या पाहाव्यात. त्या पाझरल्या असतील, तर कळंकाने मंडलपट्ट खाल्लेला असतो. पटावरचा रंग झिजून लाकूड दिसू लागले असेल, किंवा उभ्या काचेच्या मागील चित्राचे पोपडे सुटले असतील, तर किंमत उतरवून मागावी. कारण तार जोडता येते, मूळ चित्र परत येत नाही.

विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता यंत्र चालू करवून एक डाव पुरा खेळावा. जे यंत्र कौशल्याचे म्हणून सिद्ध व्हावयास इतकी वर्षे लागली, त्याचा निवाडा खेळूनच करणे योग्य.