शेलमधलं ‘जर’ : उत्तर आणि निकाल

मागच्या व्याख्यानात आपण युनिक्समधल्या पाइपचा इतिहास पाहिला. आजचा प्रश्न त्याच घरातला आहे: शेल स्क्रिप्टमध्ये ‘जर’ म्हणताना आपण नेमकं काय विचारतो?

हिंगोलीत हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरींच्या माहितीचं विश्लेषण जगभर लिनक्स संगणकांवर चालतं, आणि लिनक्सवरची रोजची हमाली शेल करतो. जिल्ह्यातल्या मुलांना असल्या कामात शिरायचं असेल, तर शेलचे स्वभाव माहीत हवेत.

समजा, सातबारा आणायला आपण कुणाला तलाठ्याकडे पाठवलं. तो परत आला की दोन गोष्टी कळतात: काम झालं का, आणि हातात कागद कोणता आला. शेलमधली आज्ञाही दोन गोष्टी देते. ती जे छापते त्याला आपण ‘उत्तर’ म्हणू. संपताना ती एक आकडा ठेवून जाते, त्याला ‘निकाल’ म्हणू. निकाल शून्य म्हणजे काम झालं. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे झालं नाही.

१९७१ सालच्या केन थॉम्पसन यांच्या शेलमध्ये ‘इफ’ हा शेलचा भागच नव्हता, तो बाहेरचा वेगळा प्रोग्राम होता. पुढे जॉन मॅशी यांच्या शेलने त्याला आत घेतलं. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्हन बोर्न यांचा शेल आला. अल्गोल ६८ या भाषेचा त्यांच्यावर प्रभाव होता. म्हणून ‘इफ’ची अक्षरं उलटी करून ‘फी’ लिहिलं की अट संपते. हा ‘इफ’ फक्त निकाल पाहतो. पण याच शेलमध्ये बॅकटिकच्या खुणा होत्या. त्यांच्यात घातलेली आज्ञा आधी चालते, आणि तिचं उत्तर त्या जागी ओळीत येऊन बसतं. ‘इफ’ला निकाल हवा, बॅकटिक उत्तर आणून देतात. गोंधळाचं मूळ इथे आहे.

पुढे डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने बॅकटिकऐवजी डॉलर आणि गोल कंस दिले, १९९२ च्या पॉझिक्स मानकाने ते स्वीकारले. एकात एक आज्ञा घालणं सोपं झालं, पण मूळ पेच तसाच राहिला.

तो पेच किती महागात पडतो, पाहा. बॅकअपची डिस्क जोडलेली आहे का, हे ‘फाइंडमाउंट’ सांगतो. नवशिका लिहितो: इफ [ -एन $(फाइंडमाउंट /बॅकअप) ]. म्हणजे, उत्तर रिकामं नसेल तर पुढे जा. डिस्क नसेल तेव्हा उत्तर रिकामं येतं आणि ओळीतून नाहीसं होतं. कंसात एकटं ‘-एन’ उरतं. एकच शब्द उरला तर नियम एवढाच, की तो रिकामा नसेल तर अट खरी. अट खरी ठरते! डिस्क असेल तेव्हा उत्तरात खूप शब्द येतात, ‘शब्द जास्त झाले’ अशी तक्रार होते आणि अट खोटी ठरते. तपासणी बरोबर उलटी! बॅकअप त्याच मशीनवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये पडत राहतो, आणि मशीन गेलं की तोही जातो.

चौकोनी कंस काढून ‘इफ $(...)’ लिहिलं तर? आता उत्तरच आज्ञा म्हणून चालवलं जातं. उत्तर रिकामं असेल, तर मानकाप्रमाणे आतल्या आज्ञेचा निकाल धरला जातो. त्यामुळे काहीच न छापणाऱ्या आज्ञेसोबत हे वर्षानुवर्षं नीट चालतं. एक दिवस ती आज्ञा काहीतरी छापते, आणि शेल तेच आज्ञा समजून चालवायला जातो.

मग लिहायचं कसं? निकाल हवा असेल तर ‘इफ’पुढे आज्ञा थेट लिहा. उत्तर तपासायचं असेल तर चौकोनी कंसात त्याला दुहेरी अवतरणचिन्हं द्या. मग रिकामं उत्तरही शब्द म्हणून जागेवर राहतं. दोन्ही हवं असेल तर ‘इफ उत्तर=$(आज्ञा)’ असं लिहा; उत्तर नावात साठतं आणि ‘इफ’ला निकाल मिळतो. मात्र बॅशमध्ये फंक्शनच्या आत त्याच ओळीत ‘लोकल’ जोडू नका, कारण मग ‘लोकल’चाच निकाल हाती येतो.

थोडक्यात, माणूस परत आला की काम झालं का ते वेगळं विचारा, कागद वेगळा पाहा. पुढच्या वेळी आपण बॅशच्या इतिहासाकडे वळू.