न उकळलेल्या कॉफीची गोष्ट

कोल्ड ब्रू करायला काय लागतं? झाकणाचा एक स्टीलचा डबा, जाडसर दळलेली कॉफी, पिण्याचं पाणी, मलमलीचा एक स्वच्छ तुकडा आणि एक रात्र. गॅससुद्धा लागत नाही. भिजवायचं, झोपायचं, सकाळी गाळायचं. संपलं.

आता मला सांगा, या गोष्टीला शोधक कशाला हवा?

पण आहेत! एक नाही, तीन-चार आहेत. गेले काही उन्हाळे मी घरी ही कॉफी करते आहे आणि ती मुरत असताना तिचा इतिहास वाचते आहे. जितकं वाचावं तितकी एक गोष्ट खटकत जाते. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

सगळ्यात लाडकी कथा डचांची. सतराव्या शतकात डच व्यापारी लांबच्या सफरींवर निघत. लाकडी जहाजावर आगीची भीती, म्हणून ते कॉफी थंड पाण्यातच मुरवून ठेवत. त्यांचं बघून जपान्यांनी ती उचलली, आणि पुढे क्योतोत तिची कला झाली. जपानमध्ये या कॉफीला आजही 'डच कॉफी' असं एक नाव आहे. काचेचा मनोरा असतो, वरच्या भांड्यातून पाणी थेंब थेंब कॉफीवर पडतं, खाली तासन् तास अर्क साठत राहतो. दिसायला कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या लॅबसारखं, पण फार देखणं.

मनोरा खराच आहे. कथेबद्दल मात्र मला शंका आहे. एक तर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर विटांची चूल असायची. महिनोन् महिने चालणाऱ्या सफरीत शेकडो माणसांना गरम जेवण घालायचं तर दुसरा इलाजच नव्हता. ज्या चुलीवर एवढं रांधलं जातं तिथे कॉफीपुरती आगीची भीती वाटावी, हे काही पटत नाही. दुसरं म्हणजे तारखा. डचांनी कॉफीची रोपं जावा बेटावर नेली ती १६९६ मध्ये, तीही आपल्या मलबारातून. ती टिकली नाहीत म्हणून १६९९ मध्ये पुन्हा नेली. (मलबारच्या कॉफीमागे पुन्हा बाबा बुदनची कथा आहेच. येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. कॉफीला कथांचं वावडं कधीच नव्हतं!)

जपानात डच लोक १६४१ पासून नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या चिमुकल्या कृत्रिम बेटावर जवळजवळ कोंडून घातल्यासारखे राहत होते. तिथे कॉफी प्यायलेल्या एका जपानी लेखकाने, ओता नानपो याने, १८०४ च्या सुमारास आपला अनुभव लिहून ठेवला आहे. त्याला ती करपट लागली, घोट गिळवेना. म्हणजे कडक भाजलेली, जळकट कॉफी. थंड पाण्यात रात्रभर मुरवलेल्या मवाळ पेयाचं हे वर्णन खासच नव्हे.

या कथेची दुसरी आवृत्तीही आहे. जावातली रोबस्टा कॉफी फार कडू, म्हणून तिथल्या डचांनी ती थंड पाण्यात उतरवायला सुरुवात केली. ही पहिलीपेक्षा पटण्याजोगी आहे. पण रोबस्टा जावात आली १९०० च्या आसपास. त्याआधी तिथे अरेबिका होती. ती पानांवरच्या तांबेऱ्याने गेली म्हणून रोबस्टा आणावी लागली. आणि देजिमाची वखार तर १८५० च्या दशकातच मिटली होती. म्हणजे जहाजवाली कथा आणि रोबस्टावाली कथा यांच्यात काही पिढ्यांचं अंतर आहे. तरी दोन्ही एकाच परिच्छेदात सुखाने नांदताना मी वाचल्या आहेत.

दुसरी कथा अल्जीरियाची. तिथे मोस्तागानेम शहराजवळ माझाग्रान नावाचं ठाणं आहे. फेब्रुवारी १८४० मध्ये तिथे १२३ फ्रेंच सैनिकांना अब्द अल-कादिरच्या फौजेने वेढलं आणि ते काही दिवस टिकून राहिले. सांगतात की तिथले फ्रेंच सैनिक कॉफीच्या पाकात थंड पाणी घालून पीत आणि परत गेल्यावर पॅरिसच्या कॅफेंतही त्यांनी तसंच मागायला सुरुवात केली. उंच ग्लासात मिळणाऱ्या या कॉफीचं नाव पडलं 'माझाग्रान'. पॅरिसमध्ये त्या नावाचा एक रस्ताही आहे. दुसऱ्याच्या देशात शिरून लढलेल्या एका चकमकीचं नाव कॉफीला मिळालं आणि ते अजूनही युरोपातल्या मेनूकार्डांवर दिसतं. घेरणारे तिथलेच रहिवासी होते, हे अर्थातच मेनूकार्डावर लिहीत नाहीत.

इथे एक भेद करायलाच हवा. थंड कॉफी वेगळी आणि थंड पाण्यात उतरवलेली कॉफी वेगळी. माझाग्रान पहिल्या प्रकारची. कॉफी रीतसर आगीवर करायची आणि मग गार करायची. आपली हॉटेलातली दूध-साखर-बर्फ घालून घुसळलेली 'कोल्ड कॉफी'सुद्धा तशीच. त्यासाठी बर्फ हवा आणि बर्फ ही फार काळ श्रीमंतांची चैन होती. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडरचं जहाज बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पाठोपाठ मुंबईलाही बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना पडसं झालं, असा किस्सा सांगतात. असो. विषयांतर झालं. मुद्दा एवढाच, की थंड पाण्यात उतरवायच्या कॉफीला बर्फाची गरज नाही. माठातलं पाणीही चालेल. म्हणजे ही कृती कुणालाही, कुठेही, केव्हाही सुचू शकली असती.

तिसऱ्या कथेत तर आपणच आहोत. १८७६ साली ग्लासगोच्या पॅटर्सन कंपनीने 'कॅम्प कॉफी' नावाचा अर्क बाटलीत भरला. पाणी, साखर, चिकोरी आणि थोडी कॉफी. हिंदुस्थानात लढणाऱ्या गॉर्डन हायलँडर्स पलटणीला छावणीत झटपट कॉफी करता यावी म्हणून तो बनवला, असं म्हणतात. जुन्या लेबलवर तंबूपुढे बसलेला स्कॉटिश अधिकारी आहे आणि शेजारी हातात ट्रे घेऊन उभा असलेला शीख नोकर. पुढे कधीतरी त्याच्या हातातला ट्रे नाहीसा झाला, माणूस मात्र उभाच. एकविसाव्या शतकातल्या लेबलवर तो एकदाचा अधिकाऱ्याशेजारी बसून कॉफी पिताना दिसतो. बसायला त्याला शंभरावर वर्षं लागली!

आता मला काय खटकतं ते सांगते. या सगळ्या कथांतली माणसं पाहा. खलाशी, सैनिक, बिया लपवून आणणारा फकीर, छावणीतला अधिकारी. सगळे पुरुष, सगळे घरापासून लांब, आणि कॉफीच्या बाबतीत सगळ्यांचीच काहीतरी अडचण झालेली. जणू चूल पेटवणं अशक्य झाल्याशिवाय एखादी गोष्ट पाण्यात भिजत घालायचं माणसाला सुचतच नाही. आणि स्वयंपाकघर? ते कुठल्याच कथेत नाही. जिथे रोज रात्री काही ना काही भिजत पडलेलं असतं, कडधान्य, साबुदाणा, मेथ्या, मनुका, त्या जागेला या इतिहासात प्रवेशच नाही.

चौथा माणूस मला त्यातल्या त्यात आवडतो, कारण त्याने निदान कुणाचं बघितलं ते सांगितलं. टॉड सिम्पसन हा अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा. शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, व्यवसाय रोपवाटिकेचा. रोपं गोळा करायला तो ग्वाटेमालाला गेला होता. तिथे एका खेड्यात त्याला कॉफी मिळाली ती अशी: कपात थोडा गार, दाट अर्क आणि वरून उकळतं पाणी. घरी येऊन त्याने १९६४ मध्ये त्यासाठी एक साधन काढलं. प्लास्टिकची बादली, तळाशी जाड गाळणी आणि खाली बूच. नाव ठेवलं 'टॉडी'. त्याच्या नावावर केलेली ही कोटी आहे, पण इंग्रजीतला 'टॉडी' हा शब्द मुळात आपल्या ताडीवरून गेलेला. ताडीच्या नावाने कॉफी! पेटंट आहे ते बादलीचं. भिजवण्याचं पेटंट घेता येत नाही. आणि त्या खेड्यात ज्या हातांनी अर्क मुरवून ठेवला होता त्यांचं नाव त्या कथेत नाही. हे हात बाईचे होते असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण पैज लावायची तर कशावर लावीन, हे तुम्ही ओळखलं असेलच.

आपल्याकडे या कृतीला चक्क नाव आहे. आयुर्वेदात औषध पाण्यात उतरवायच्या रीती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. उकळून आटवला तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवला तो फांट. आणि थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळला तो हिम, किंवा शीत कषाय. शार्ङ्गधर संहितेत हिमाचं प्रमाणसुद्धा दिलं आहे, चूर्ण एक भाग, पाणी सहा भाग. आजची कोल्ड ब्रूची पाककृती उघडा, प्रमाण याच्याच आसपास दिसेल. इंग्रजीत सगळ्यालाच 'ब्रू'. आपल्याकडे तीन क्रियांना तीन शब्द आहेत. या हिशोबाने आपला टपरीवरचा चहा काढ्यात मोडतो, टी-बॅगवाला फांटात, आणि कोल्ड ब्रू म्हणजे कॉफीचा हिम.

पण लगेच छाती फुगवू नका. 'हे सगळं आमच्याकडे होतंच' म्हणणाऱ्यांची ढकलपत्रं मीही खूप वाचली आहेत. शार्ङ्गधराच्या काळी या देशात कॉफीचं झुडूपही नव्हतं. तेव्हा कोल्ड ब्रू भारताने शोधली असं म्हणणं हे डच खलाशांच्या कथेइतकंच पोकळ. संहितेतून कळतं ते एवढंच, की भिजवून अर्क काढणं ही फार जुनी आणि साधी गोष्ट आहे. ती लिहून ठेवली वैद्यांनी, कारण लिहिणं हे त्यांचं काम होतं.

माझी आजी उन्हाळ्यात रात्री धने भरडून पाण्यात टाकायची. सकाळी गाळून खडीसाखर घालून आम्हाला द्यायची, पित्तावर. ग्रंथात याला धान्यक हिम म्हणतात. आजी 'धन्याचं पाणी' म्हणायची. तिला सहीपुरतं लिहिता यायचं, त्यामुळे वही वगैरे प्रश्नच नव्हता. मूठभर म्हणजे किती, फडकं कुठलं, पिळायचं की नाही, हे सगळं तिच्याबरोबर गेलं. आईला अर्धं आठवतं, मला पाव. कॉफीचा इतिहास वाचताना मला राग येतो तो याचा. डच जहाजाची न घडलेली गोष्ट शंभर ठिकाणी छापली जाते, आणि खरोखर रोज घडणारी गोष्ट दोन पिढ्यांत पुसली जाते.

म्हणून मी माझी कृती नीट मापासकट लिहून ठेवते आहे. बिया शंभर ग्रॅम. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायच्या, जाड रव्यासारखं दळण हवं. दाक्षिणात्य फिल्टरसाठी मिळणारी बारीक पूड नको, गाळताना चिखल होतो. चिकोरीही नको, ती सगळी चव व्यापून टाकते. पाणी आठशे मिलिलिटर. एकदा ढवळून झाकण लावायचं. डिसेंबरात डबा ओट्यावर बारा तास ठेवला तरी चालतो. एप्रिल-मेमध्ये मात्र फ्रिजमध्येच, सोळा ते अठरा तास. ही कॉफी इतकी आंबट नसते की आपोआप टिकेल. पुण्याच्या उन्हाळ्यात ओट्यावरचं काहीही नासतं, हे पण नासेल. आधी चहाच्या गाळणीतून गाळायचं, मग चौपदरी मलमलीतून. पिळायचं नाही, ठिबकू द्यायचं. पिळलं की गाळ उतरतो आणि जीभ कोरडी पडते. चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, तेव्हा हाती सहाशेच्या आसपास येईल. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं.

कोल्ड ब्रू पोटाला सोसते, कारण तिच्यात आम्ल नसतं, असंही सांगतात. फिलाडेल्फियातल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये गरम आणि थंड कॉफी शेजारी शेजारी तपासली. दोन्हींचा पीएच जवळपास सारखा निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. एकूण आम्लं मात्र गरम कॉफीत जास्त उतरली होती. म्हणजे म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण पित्ताच्या माणसाने औषध समजून पेलाभर प्यावं इतकं नाही. शिवाय कॅफीन थंड पाण्यात उतरत नाही हाही गैरसमज. पंचवीस अंशाच्या पाण्यातसुद्धा शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम कॅफीन विरघळतं, आपल्या डब्यातल्या कॉफीत एकूण असेल त्याहून कितीतरी जास्त मावेल एवढी ही जागा झाली. फक्त वेळ लागतो. रात्री आठनंतर मी पीत नाही.

प्यायची कशी, तर अर्धा अर्क, अर्धं गार दूध. साखर घालायची तर आधी पाण्यात विरघळवून घालायची, नाहीतर तळाशी बसते. आमच्याकडे जायफळाशिवाय कॉफीला कॉफी म्हणत नाहीत, म्हणून आईच्या पेल्यावर चिमूटभर किसून टाकते. आणि पाऊस सुरू झाला की दूध बंद. कपात दोन बोटं अर्क आणि वरून उकळतं पाणी. ग्वाटेमालातल्या त्या खेड्यात द्यायचे तसं.