राणीची बाग कुणाची?

मुंबईत भायखळ्याला एक बाग आहे. दारावरच्या पाटीवर तिचं नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जुन्या कागदपत्रांत ती व्हिक्टोरिया गार्डन्स या नावानं सापडते. पण टॅक्सीवाल्याला सांगताना आपण यांपैकी एकही नाव घेत नाही. आपण म्हणतो, राणीच्या बागेत जायचंय. यातली राणी इंग्लंडची. ‘राणी’ हा शब्द संस्कृतातल्या राज्ञीपासून आलेला. ‘बाग’ फारसीतून आलेला. आणि या दोघांना सांधणारी ‘ची’ आपली मराठी. मुंबईकरांनी कुणाला न विचारता हे नाव ठेवलं आणि ते दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलं. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या नावाचं फार अप्रूप वाटतं.

लहान मुलांना घेऊन या बागेत न गेलेलं कुटुंब मुंबईत क्वचितच सापडेल. आणि मुलांना तिथे नेतात ते प्राणी दाखवायला. पूर्वी वाघ, हत्ती, पाणघोडा. २०१७ पासून पेंग्विन. दारातून आत शिरलं की मुलं पिंजऱ्यांच्या दिशेनं धावतात आणि आपण त्यांच्यामागे. या धावपळीत एक गोष्ट राहून जाते. ही बाग मुळात प्राण्यांसाठी झालीच नव्हती. ती झाडांसाठी झाली होती.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था होती. शेती आणि बागायतीची सुधारणा हा तिचा उद्देश. तिची बाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेनं भायखळ्याला नवी बाग उभी केली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली. तिच्याच आवारात वस्तुसंग्रहालयाची इमारत सुरू झाली. या कामांत पुढाकार घेणाऱ्यांत दोन डॉक्टर होते. एक बेळगावात जन्मलेले इंग्रज, जॉर्ज बर्डवुड. दुसरे गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड. त्या काळी औषधाचा अभ्यास म्हणजे बराचसा वनस्पतींचाच अभ्यास होता. त्यामुळे दोन डॉक्टर बागेच्या कामी लागले यात नवल नाही.

पैसा कुठून आला? तो कापसातून आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि पूर ओसरला. पेढ्या बुडाल्या. संग्रहालयाचं काम रखडलं आणि ते लोकांना खुलं व्हायला २ मे १८७२ उजाडावं लागलं. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली. प्राण्यांसाठी १५ एकर जागा तिला जोडली गेली ती १८९० मध्ये, म्हणजे बाग अठ्ठावीस वर्षांची झाल्यावर.

अशा बागा इंग्रजांनी देशभर केल्या. कलकत्त्याजवळ शिबपूरला १७८७ मध्ये केली. आपल्या पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये केली, तिथे सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती लावल्या जात. कुठलं झाड कुठे रुजेल, त्यातून काय पिकेल, काय विकता येईल, हे पाहण्याच्या या प्रयोगशाळा होत्या. साम्राज्याला झाडांचं प्रेम होतं, पण त्या प्रेमात हिशेब होता. आणि तरी, त्या हिशेबातून जगाच्या कानाकोपऱ्यातली झाडं भायखळ्यात येऊन उभी राहिली. हिशेब करणारे गेले. झाडं राहिली.

अलीकडे मी माझ्या दोन नातवंडांना घेऊन तिथे गेलो. थोरला आठ वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची. पेंग्विन बघून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, ‘आता नानांची पाळी. मी दाखवीन ते बघायचं.’

पहिलं झाड गोरखचिंचेचं. खोड एवढं जाड की मुलांनी हात पसरले तरी ती त्या खोडाला चिकटलेल्या दोन पालींसारखी दिसत होती. हे झाड मूळचं आफ्रिकेचं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ते जुन्या बंदरांच्या आसपास दिसतं, आणि ते आफ्रिकेतून एकदा नव्हे, अनेकदा इकडे आलं हे जनुकीय संशोधनातूनही पुढे आलंय. ज्या समुद्रवाटांनी व्यापारी आले, जंजिऱ्याचे सिद्दी आले, त्याच वाटांवरचा हा प्रवासी. पण आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं ते गोरखनाथांचं. आणि चिंचेचं. गंमत अशी की ज्या चिंचेचं नाव त्याला दिलं, ती चिंचही मूळची आफ्रिकेचीच! अरबांनी ती हिंदुस्थानात पाहिली, तिला ‘तमर-ए-हिंद’ म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटलं आणि त्यावरून इंग्रजांचं टॅमरिंड झालं. आमटीत चिंच घालताना ती कुठून आली हे आपण विचारत नाही. ती आपली असते.

दुसरं झाड कैलासपतीचं. हे दक्षिण अमेरिकेतलं. याची फुलं फांद्यांच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडावर लगडतात. धाकटीनं विचारलं, ‘नाना, याचं डोकं खाली आहे का?’ खाली पडलेलं एक फूल उचलून तिच्या हातावर ठेवलं. आत बारीक पिंडीसारखा भाग आणि त्यावर नागाच्या फण्यासारखं छत्र. म्हणून आपल्याकडे हा कैलासपती, तमिळमध्ये नागलिंगम्. इंग्रजांनी मात्र फळं पाहिली. मोठी, गोल, जड. त्यांनी नाव ठेवलं तोफगोळ्याचं झाड. झाड एकच. ज्याच्या मनात जे होतं ते त्याला त्यात दिसलं.

तिसरं उर्वशीचं. ब्रह्मदेशातून आलेलं. फुलांचे लालबुंद घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. कलकत्त्याच्या बागेचे प्रमुख नॅथॅनिअल वॉलिच यांनी त्याला गव्हर्नर जनरलच्या पत्नीचं, लेडी अॅमहर्स्ट यांचं नाव दिलं. शास्त्राच्या पुस्तकात ते नाव अजून आहे. आपल्याकडे कुणीतरी ते फूल पाहिलं आणि म्हटलं, ही तर उर्वशी. त्या अनाम माणसाला माझा सलाम. कवी असाच असावा.

आणि सीतेचा अशोक. शाळेच्या, सोसायटीच्या कुंपणाला जे उंच, सरळसोट झाड आपण अशोक म्हणून ओळखतो तो अशोक नव्हे, तो आसुपालव. खरा अशोक बुटका, पसरट, केशरी-लाल गुच्छांचा. थोरल्याला हे पटेना. ‘आमच्या टीचर खोटं सांगतात?’ मी म्हटलं, ‘खोटं नाही रे. त्यांना कुणी खरा दाखवलाच नाही.’

बागेत झाडांखेरीज दगडांचाही इतिहास आहे. घारापुरीचा ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ केलं, तो दगडी हत्ती इथे आहे. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा तो फुटला. तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. १९६५ मध्ये काळ्या घोड्यावरचा राजा एडवर्डही फोर्टातून इथेच आला. राणीचं नाव पाटीवरून उतरलं, राजा झाडांमागे गेला, विलायतेला निघालेला हत्ती इथेच राहिला.

मग ही बाग आपली कशी झाली? ती लोकांच्या येण्यानं झाली. भायखळा, लालबाग, परळ हा गिरण्यांचा भाग. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं राहायची. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. सुट्टीच्या दिवशी ते आम्हा भावंडांना इथे आणायचे, एका झाडाखाली चादर अंथरायचे आणि चक्क झोपी जायचे. साच्यांचा खडखडाट आठवडाभर कानात घेऊन फिरणाऱ्या माणसाला ती सावली म्हणजे काय होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दिवाळीच्या सुट्टीत इथे गर्दी असते, नाताळात असते. ईदच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला आम्ही बासी ईद म्हणतो, नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा इथली मुलं नवे कपडे घालून, मुठीत ईदीचे पैसे धरून इथे लोटतात. जिजाऊंच्या नावाच्या बागेत ईदची मुलं आणि दिवाळीची मुलं एकाच झाडाची पडलेली फुलं गोळा करतात. हा इतिहासही कुठंतरी नोंदला जायला हवा.

२००७ च्या सुमारास या जागेवर परदेशी धर्तीचं भव्य प्राणिसंग्रहालय करण्याची कोट्यवधींची योजना पुढे आली. तेव्हा काही नागरिक, त्यांत प्रामुख्यानं काही जाणत्या महिला, वह्या-पेन्सिली घेऊन बागेत उतरल्या. त्यांनी झाडं ओळखली, मोजली, त्यांची यादी केली. तीन हजारांहून अधिक झाडं निघाली. ही वनस्पतींची बाग आहे, मुंबईच्या वारशाचा भाग आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. त्या योजनेला मुरड बसली. मला यात मोठा धडा दिसतो. ‘झाडं वाचवा’ ही घोषणा कुणीही देऊ शकतो. पण अमुक ठिकाणी उर्वशी आहे, तमुक ठिकाणी गोरखचिंच आहे, असं नावानिशी सांगता आलं की तोडणाऱ्याचा हात अडखळतो. नाव नसलेलं झाड कागदावर फक्त अडथळा असतं.

बागेचा विकास पुढेही होत राहील. नवे पिंजरे येतील, नवे प्राणी येतील, मुलं हरखतील. हरखू द्यावीत. पण उद्या एखादं झाड हलवायची गोष्ट निघाली तर त्याच्या बाजूनं बोलणारी माणसं लागतील, आणि ती आज पाच-आठ वर्षांची आहेत. म्हणून पुढच्या खेपेला मुलांना घेऊन जाल तेव्हा पेंग्विन जरूर दाखवा. त्यानंतर अर्धा तास राखून ठेवा. एका झाडापाशी थांबा. त्याच्या पाटीवरचं नाव मुलाला मोठ्यानं वाचू द्या, ते कुठल्या देशातून आलं ते सांगा, खाली पडलेलं एखादं फूल किंवा पान त्याच्या हातावर ठेवा. एका फेरीत एकच झाड पुरे. वर्षातून दोनदा गेलात तरी मूल दहा वर्षांचं होईपर्यंत दहा झाडं त्याच्या ओळखीची झालेली असतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)