गळ्यातला पट्टा

कलेक्टर ऑफिसच्या आवारात दहा मिनिटं उभं राहा अन् फक्त लोकांचे गळे पाहा. बाबूच्या गळ्यात निळ्या फितीला आयकार्ड. शिपायाच्याही गळ्यात तेच. कामासाठी खेड्यावरून आलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, आधार कार्ड मात्र पन्नीत गुंडाळून खिशात. कोणाला आत सोडायचं, कोणाला थांबवायचं, हे दारावरचा माणूस चेहरा पाहून नाही, गळा पाहून ठरवतो.

ही फीत मुळात जहाजावरची. खलाशी चाकू, शिट्टी हरवू नये म्हणून दोरीला बांधत. तिथून ती फौजेत अन् पोलिसांत आली. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात ऑफिसचं नाव कोरलेली पितळी चपरास पट्ट्यावर लावून माणूस टपाल न्यायचा. म्हणून तो 'चपरासी', म्हणून तो 'पट्टेवाला'. पगार तुटपुंजा, पण पट्टा दिसला की गावचा पाटीलही उठून उभा राहायचा. मान माणसाला नव्हता, पट्ट्याला होता.

याच्या उलटाही इतिहास आहे. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना थुंकण्यासाठी गळ्यात मडकं अडकवावं लागे, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलं. इंग्रजांनी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यात नोंदलेल्या जमातींच्या माणसाला पासाशिवाय गाव सोडता येत नसे. तो कायदा गेला 1952 साली, शिक्का अजून पुसला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारा.

म्हणजे गळ्यात काय आहे, यापेक्षा ते कोणी अडकवलं अन् कशासाठी, हा खरा प्रश्न.

आज आशाताईच्या गळ्यात कार्ड आहे. 2005 पासून ती घरोघरी फिरते, गर्भार बाईला दवाखान्यात नेते. ओळख सरकारी, पण नोकरी सरकारी नाही. आमच्या धंद्यातही तेच सोंग. पत्रकाराची अधिस्वीकृती सरकार नियमानं तपासून देतं, पण 'प्रेस' छापलेली फीत बाजारात कोणालाही मिळते. ती घालून रेशन दुकानदाराकडं 'जाहिरात' मागणारे तुम्हीही पाहिले असतील.

अन् ज्याच्या गळ्यात काहीच नाही, तो? 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस जण गेले. त्यात शेतमजूरही होते. खांद्यावर पंपाचा पट्टा होता, पण ओळख सांगणारा एक कागद नव्हता. मजुराचं नाव ना सातबाऱ्यावर, ना कोणाच्या हजेरीपटावर. 2021 मध्ये ई-श्रम कार्ड आलं, चांगलं झालं. पण आज कोणाच्या शेतात, कोणतं औषध फवारलं, हे ते कार्ड सांगत नाही. डॉक्टरला नेमकं तेच आधी पाहिजे असतं.

ऑफिसातल्या पंख्याखाली बसणाऱ्याची ओळख आपण गळ्यात लटकवली. विषाचा पंप पाठीवर घेणाऱ्याची कुठंच नाही. ग्रामपंचायतीनं फवारणीच्या हंगामात मजुरांची साधी वही ठेवली, नाव, शेत अन् औषध एवढंच लिहिलं, तर त्याला जीआर लागत नाही.

तुमच्या गावात अशी नोंद ठेवतात का? कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. मी पाठपुरावा करतो.