विलीनीकरण आणि कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य

दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची बातमी येते तेव्हा चर्चा होते ती समभागांची, कर्जाची आणि नव्या बोधचिन्हाची. कार्यालयात काम करणाऱ्यांना मात्र तीन प्रश्न छळत असतात. नोकरी टिकेल का, सेवाज्येष्ठतेच्या यादीत आपला क्रमांक कितवा लागेल आणि बिऱ्हाड दुसऱ्या शहरात हलवावे लागेल का? ही उत्तरे जितकी लांबतात तितके मनोधैर्य खचत जाते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे २००७ मधील विलीनीकरण हे याचे आपल्याकडील ठळक उदाहरण होय.

दोन घरांची दोन वळणे

१९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. परदेशी मार्ग एअर इंडियाकडे, तर देशांतर्गत मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे आले. पहिलीचे मुख्यालय मुंबईत नरिमन पॉइंटला होते, दुसरीचे दिल्लीत. एक प्रामुख्याने बोइंगची लांब पल्ल्याची विमाने चालवी, तर दुसरीचा भर एअरबसच्या लहान विमानांवर होता. वेतन, भत्ते, बढतीचे नियम आणि कामगार संघटना हे सारेच वेगळे होते. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या 'नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया' या नावाखाली एकत्र आल्या. २०१० मध्ये तिचे नाव 'एअर इंडिया लिमिटेड' झाले. नाव एक झाले तरी सेवाशर्ती वेगळ्याच राहिल्या.

ज्येष्ठतेचा तिढा

एप्रिल २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी सुमारे दहा दिवस संप केला. त्याच वर्षी सेवाशर्तींच्या एकत्रीकरणासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१२ च्या प्रारंभी आला. म्हणजे जे काम विलीनीकरणाआधी व्हायला हवे होते, त्याला हात घालायलाच चार वर्षे गेली.

मे २०१२ मध्ये दुसऱ्या बाजूचा उद्रेक झाला. नव्या बोइंग ७८७ विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यावे, या निर्णयाविरुद्ध मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम बंद ठेवले. ही विमाने विलीनीकरणापूर्वी एअर इंडियासाठी मागविलेली होती आणि प्रशिक्षणाची संधी विभागली गेल्यास आपली कमांडरपदाची बढती लांबेल, अशी त्यांना भीती वाटत होती. सुमारे शंभर वैमानिकांना सेवेतून कमी करण्यात आले. बाहेरून हा हट्ट वाटला, तरी बढतीच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या माणसाला आपल्यापुढे दुसरी रांग येऊन उभी राहिल्यासारखे वाटते, हे विसरून चालणार नाही.

पगार, कार्यालय आणि घर

याच काळात पगार वेळेवर होत नव्हते. २०१३ मध्ये मुख्यालय मुंबईहून दिल्लीला हलविण्यात आले. अशा स्थलांतरात एका माणसाची बदली होत असली तरी जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा आणि वृद्ध आईवडिलांची देखभाल या सर्वांचीच घडी विस्कटते.

पुढे २०२१ मध्ये कंपनीची विक्री ठरली तेव्हा मुंबईत कालिना येथील वसाहतीतील कर्मचाऱ्यांना विक्रीनंतर सहा महिन्यांत घरे रिकामी करण्यास कळविण्यात आले. हा वाद मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला.

पुन्हा तोच प्रश्न

२७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटा समूहाकडे गेली. सुमारे १२ हजार कर्मचाऱ्यांना एक वर्ष नोकरीची हमी विक्रीच्या अटींतच होती, ही जमेची बाजू. त्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि काही गटांसाठी तिची वयोमर्यादा ५५ वरून ४० वर्षांवर आणण्यात आली.

२०२४ मध्ये समूहातील इतर विमान कंपन्यांचे विलीनीकरण होत असताना जुनेच दुखणे वर आले. विस्ताराच्या वैमानिकांना ७० ऐवजी ४० उड्डाणतासांचे निश्चित वेतन देऊ करण्यात आले. अनेकांनी आजारपणाची रजा घेतली आणि एप्रिलमध्ये कंपनीला उड्डाणे कमी करावी लागली. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी असमान वागणुकीची तक्रार करीत सामूहिक रजा घेतली. बडतर्फ केलेल्या २५ जणांना कामगार आयुक्तांच्या मध्यस्थीनंतर परत घेण्यात आले.

कायदा काय सांगतो?

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कंपनीचे हस्तांतर झाल्यास कामगाराची सेवा अखंड राहिली पाहिजे, नव्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी दर्जाच्या असता कामा नयेत आणि पुढे कपात झाल्यास जुन्या सेवेसह भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने स्वीकारली पाहिजे. एरवी कामगार भरपाईस पात्र ठरतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम आहे. मात्र दोन ज्येष्ठता याद्या कशा जोडाव्यात, हे ही तरतूद सांगत नाही. ते वाटाघाटींनीच ठरते. व्यवस्थापकीय पदांवरील बहुतेकांना या तरतुदीचे संरक्षण मिळत नाही. त्यांची भिस्त नेमणूकपत्रावर असते.

काय करता येईल?

व्यवस्थापनाने एकत्रित ज्येष्ठता यादी, समकक्ष पदे आणि वेतनरचना यांचा मसुदा विलीनीकरणाच्या तारखेपूर्वीच संघटनांसमोर ठेवावा. कपात अटळ असेल तर तिचे निकष आणि अंतिम तारीख एकदाच सांगावी. थोडी थोडी, टप्प्याटप्प्याने होणारी कपात मागे राहिलेल्यांनाही स्वस्थ बसू देत नाही. स्थलांतर करताना निदान शालेय वर्ष संपेपर्यंत मुदत द्यावी.

कर्मचाऱ्यांनीही नेमणूकपत्र, बढतीचे आदेश आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी जवळ ठेवाव्यात. नव्या करारात पूर्वीची सेवा ग्रॅच्युइटीसाठी धरली आहे ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे. तोंडी आश्वासन लेखी मागून घेण्यात संकोच करू नये. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरण्याआधी हाती येणारी रक्कम, कर आणि वैद्यकीय सुविधा यांचा हिशेब घरच्यांसह मांडावा. एकदा अर्ज मंजूर झाला की परतीची वाट बहुधा बंद होते.