दिनविशेष : २२ मार्च
उडी आधी सेनापतीची

अमेरिकेच्या ८२व्या एअरबॉर्न डिव्हिजनचे सेनापती जेम्स गॅव्हिन यांचा जन्म २२ मार्च १९०७ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. अनाथ जेम्सला पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणकामगार दांपत्याने दत्तक घेतले. आठवीनंतर शाळा सुटली. सतराव्या वर्षी घर सोडून तो न्यूयॉर्कला पळाला आणि साधा शिपाई म्हणून सैन्यात शिरला. पनामाच्या छावणीत अभ्यास करून वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी गाठली, १९२९मध्ये अधिकारी झाला.

दुसरे महायुद्ध. जुलै १९४३, सिसिली. सुसाट वाऱ्याने छत्रीधारी सैनिक भलतीकडेच विखुरले. गॅव्हिन स्वतःही ठरल्या जागेपासून बरेच दूर पडले. हाती लागतील तेवढी माणसे गोळा करून त्यांनी बियाझा रिजची टेकडी धरून ठेवली. समोर जर्मनांचे टायगर रणगाडे. बझूकाचे गोळे त्यांच्या चिलखतावर निकामी ठरत होते. पुढे हुद्दा वाढला, तरी साध्या शिपायाची एम-१ रायफल त्यांच्या खांद्यावर असायचीच. सालेर्नो, नॉर्मंडी, हॉलंड धरून एकूण चार युद्धउड्या. हॉलंडच्या उडीत पाठीच्या मणक्याला इजा झाली, तरी लढाई सोडली नाही. तेव्हा वय अवघे ३७!

१९४६च्या न्यूयॉर्कमधील विजयसंचलनात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या ५५५व्या बटालियनला आपल्या डिव्हिजनबरोबर चालवले. सैन्यात वर्णभेद रीतसर चालू असतानाची ही गोष्ट.

संरक्षण धोरणावरील मतभेदांतून १९५८मध्ये ते निवृत्त झाले. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांना फ्रान्समध्ये राजदूत नेमले. व्हिएतनाम युद्धाला मात्र या लढवय्याने उघड विरोध केला. २३ फेब्रुवारी १९९० रोजी त्यांचे निधन झाले.